ट्रेलच्या गाडीचं सस्पेन्शन निवडताना: आधी वजनकाटा, मग स्प्रिंग, शेवटी उंची

गाडी घेतली, दोन ट्रेल केल्या, एखाद्या दगडावर पोट खरवडलं, की मनात पहिला विचार येतो तो लिफ्ट किटचा, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकपच्या संचाचा. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या उंच गाड्या पाहिल्या की तो आणखी पक्का होतो. या छंदात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो. सस्पेन्शनचं काम चाक जमिनीला टेकवून ठेवणं हे आहे. टेकलेलं चाक गाडी ओढतं, थांबवतं, वळवतं; अधांतरी चाक नुसतं गरगरतं. उंची मिळते ती वरकड, आणि ती मागताना हात आखडता घ्यावा लागतो.

हे सगळं सह्याद्रीतल्या वाटा डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. गाड्या इथे नेहमी दिसणाऱ्याच: २०२० नंतरची तीन दारांची थार, जिम्नी, गुरखा आणि पाट्यांवरच्या (लीफ स्प्रिंगवरच्या) जुन्या महिंद्रा जीप. आपल्याकडे काळ्या पाषाणाचे धोंडे, सुटा मुरूम, ओढ्यातले गोटे आणि बैलगाडी-ट्रॅक्टरने पाडलेली खोल चाकोरी असते. 'चाकोरी' हा शब्द आपण बोलण्यात सहज वापरतो, ट्रेलवर ती खरीखुरी भेटते, आणि एक चाक तिच्यात नि दुसरं कडेवर असं झालं की सस्पेन्शनची परीक्षा सुरू होते. हे सगळं माणूस चालेल त्या वेगाने पार करायचं असतं. लडाख-स्पितीचे पन्हाळी पत्र्यासारखे कच्चे रस्ते तासन् तास ४०-५० च्या वेगाने कापायचे, हे वेगळं काम. दोन्हींना लागणारा माल वेगळा, म्हणून वर्षातले जास्त दिवस गाडी कुठे असते हे आधी स्वतःशी ठरवा.

पहिली पायरी: गाडी कुठे अडते ते लिहून काढा

निदान तीन ट्रेल मूळ सस्पेन्शनवर करा. प्रत्येक वेळी घरी आल्यावर विजेरी घेऊन गाडीखाली शिरा आणि ओरखडे कुठे आहेत ते वहीत लिहा. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला असतील तर चढाला भिडतानाचा कोन कमी पडतोय. मधल्या भागात, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आसपास असतील तर उंचवटा ओलांडताना पोट टेकतंय. मागच्या टोकाला असतील तर ओढ्यातून वर येताना शेपूट घासतंय. या तिन्ही दुखण्यांवर उंचीचा उपयोग होतो.

पण ओरखडा मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर, म्हणजे डिफरन्शियलवर असेल, तर कुठलंही लिफ्ट किट तुमच्या कामाचं नाही. अखंड ॲक्सल दोन्ही चाकांना थेट जोडलेला असतो. स्प्रिंग उंच केली की वरची बॉडी आणि चॅसी उचलली जाते, ॲक्सल होता तिथेच राहतो. तो उचलण्याचा रस्ता एकच, मोठा टायर. तिथेही हिशेब असा की टायरचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मीच उंची मिळते. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. त्याजागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७०४, म्हणजे डिफरन्शियल जेमतेम ५ मिलिमीटर वर. एवढ्यासाठी खर्च करायचा की धोंड्यावरून चाक कसं न्यायचं ते शिकायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत शिकण्याच्या बाजूने आहे.

आणखी एक तपासणी फुकटात होते. शॉकपचा चकचकीत दांडा जिथे उघडा दिसतो, तिथे त्याच्याभोवती प्लॅस्टिकचा केबल टाय हलका आवळून शॉकपच्या नळीला टेकवून ठेवा. ट्रेलनंतर तो टाय दांड्यावर किती वर सरकलाय ते पाहा. शॉकप जास्तीत जास्त किती दबला याची ती खूण. दांडा झाकलेला असेल तर बंप स्टॉपच्या रबरी गुटक्याकडे बघा: तो ताजा घासलेला, चेपलेला असेल तर सस्पेन्शन तळाला आपटतंय. गुटक्यावर धूळ जशीच्या तशी असेल आणि तरी गाडी दणके देत असेल, तर हालचाल शिल्लक असूनही स्प्रिंग किंवा टायर कडक आहे.

दुसरी पायरी: आहे ते धड आहे का

पाच-सहा वर्षं चाललेल्या गाडीत अर्धा त्रास झिजलेल्या रबरी बुशांचा असतो. कंट्रोल आर्म आणि ट्रेलिंग आर्म (चाक आणि ॲक्सल चॅसीला धरणारे दांडे) यांच्या बुशांत पहार घालून हलकेच उचकटून बघा. रबर फाटलेलं किंवा धातूपासून सुटलेलं दिसलं तर आधी ते बदला. शॉकपवर तेलाचे ओघळ असतील तर तो गेला. हे केल्याशिवाय नवीन किट बसवलं, तर जुन्या बुशांचा खडखड आवाज तुम्ही नव्या स्प्रिंगांच्या नावावर खपवाल.

मग टायरमधली हवा. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. रस्त्यावरची ३०-३२ पीएसआय हवा धोंड्यांवर २० च्या आसपास आणली की टायर दगडाला कवटाळतो, पकड वाढते आणि आतल्या माणसांच्या कमरेला बसणारे धक्के निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटतात. साध्या रिमवर १८ च्या खाली नवशिक्याने जाऊ नये, टायर रिमवरून निसटण्याची भीती असते. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायचीच, त्यामुळे छोटा कंप्रेसर आणि खात्रीचा गेज ही माझ्या यादीतली पहिली खरेदी. थार २५५/६५ आर १८ आणि २४५/७५ आर १६ अशा दोन मापांच्या टायरवर आली. व्यासात फरक थोडा, पण १६ इंची रिमच्या टायरची भिंत जवळपास १८४ मिलिमीटर आणि १८ इंचीची १६६. ट्रेलवर ही जास्तीची भिंत कामाला येते. अलॉय दिसायला देखणी असतात हे मला मान्य आहे, तरी खडकासाठी मी लहान रिम निवडेन.

तिसरी पायरी: वजनकाटा

ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघतात. साखर कारखान्याजवळ, एमआयडीसीच्या तोंडाशी, खडी क्रशरपाशी वजनकाटा असतोच. गाडी ट्रेलला जाते तशी भरा: टाकी पूर्ण, पाणी, हत्यारांची पेटी, दोऱ्या, स्टेपनी, नेहमीची माणसं. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. तिन्ही आकडे लिहा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी अशीच मोजा.

आता वाढणाऱ्या वजनाची यादी करा. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) मिळून ८०-९० किलो सहज होतात. हे वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगलेलं असतं, त्यामुळे तरफेच्या तत्त्वाने पुढच्या स्प्रिंगांवर ते ८०-९० पेक्षा जास्त पडतं आणि मागचा भाग थोडा हलका होतो. जिम्नीसारख्या १२०० किलोच्या आसपासच्या गाडीला असा बंपर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वीस लिटर पाणी २० किलो, वीस लिटर डिझेल सुमारे १७ किलो, टपावरचा तंबू ५०-६० किलो, आणि टपावरचं वजन गाडी कलंडवण्यात सगळ्यांत पुढे. यादी केली की निम्म्या वस्तू आपोआप गळतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट व्हायला हवी. जड स्प्रिंग घातल्याने गाडीची मंजूर वजनमर्यादा वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, चॅसी सगळं जुनंच असतं. कंपनीने पाटीवर दिलेला एकूण वजनाचा आकडा तोच राहतो.

चौथी पायरी: आपल्या गाडीची हाडं ओळखा

थारच्या पुढच्या बाजूला दोन्ही चाकं स्वतंत्र, डबल विशबोनवर, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म. शॉकपभोवती कॉइल स्प्रिंग. मागे अखंड ॲक्सल, कॉइलवर. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग. २०२१ नंतरची गुरखा थारसारखीच, पुढे स्वतंत्र आणि मागे अखंड ॲक्सल. जुन्या जीपना दोन्हीकडे पाटे. २०१० ची पहिली थार या दोन पिढ्यांच्या मधली, पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) आणि मागे पाटे.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये पुढचं डिफरन्शियल चॅसीला टांगलेलं असतं, म्हणून लिफ्टबरोबर तेही वर येतं. हा फायदा. तोटा असा की ॲक्सल शाफ्टचे जॉइंट आणि बॉल जॉइंट एका ठरावीक कोनापर्यंतच सुखी असतात. गाडी उचलली की ते उभ्याउभ्याच वाकलेले राहतात आणि चाक खाली लोंबलं की आणखी वाकतात. अखंड ॲक्सलमध्ये एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपसूक खाली दाबलं जातं, म्हणून चाकोरीत जिम्नी इतकी सहज चालते. तिची दुखणी वेगळी आहेत, ती उंचीच्या पायरीत येतील.

पाचवी पायरी: स्प्रिंग

स्प्रिंगच्या दोन गोष्टी असतात आणि दुकानात त्या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात: लांबी आणि कडकपणा. लांब स्प्रिंग गाडी उचलते. कडक स्प्रिंग वजन पेलते. कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत घातली तरी गाडी उंच दिसते, कारण ती दबतच नाही. मग चाकोरीत वरचं चाक दबत नाही, खालचं चाक उघडत नाही, आणि गाडी तीन पायांवर उभी राहते.

हे मी स्वतः भोगलंय. पुढेमागे विंच बसवूच, या हिशेबाने मी जड भाराच्या स्प्रिंग घेतल्या. विंच काही बसली नाही. मुळशीकडच्या एका ओढ्यात, जिथून तीच गाडी मूळ स्प्रिंगांवर निघून गेली होती, तिथे पुढचं डावं चाक हवेत राहिलं आणि आम्ही तासभर दगड रचत बसलो. शेवटी मधल्या भाराच्या स्प्रिंग घातल्या, गाडी दीड सेंटिमीटर खाली बसली आणि तो ओढा पुन्हा सरळ पार झाला. गाडीवर आज जे वजन कायमचं आहे, त्याच्यासाठी स्प्रिंग घ्या. पुढच्या वर्षीच्या वजनासाठी पुढच्या वर्षी.

ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन यांसारख्या ऑस्ट्रेलियन कंपन्यांच्या स्प्रिंग वाढीव कायमच्या भारानुसार निवडायच्या असतात. दुकानदाराला 'दोन इंचाची द्या' म्हणण्याऐवजी वजनकाट्याचे आकडे दाखवा. 'कायमचा' हा शब्द महत्त्वाचा: बंपर, विंच, पेट्या हे कायमचं वजन, महिन्यातून एकदा बसणारे तीन मित्र नव्हेत. हिशेब सोपा आहे. समजा पुढे ९० किलो वाढले, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर ४५. चाकापाशी धरलेला कडकपणा मिलिमीटरला ३ किलो असेल तर गाडी पुढून १५ मिलिमीटर बसेल. एवढंच बसत असेल आणि गुटका आपटत नसेल, तर नवी स्प्रिंग घेण्याची घाई नको.

आणि चकत्या. स्प्रिंगवर किंवा शॉकपच्या माथ्यावर बसणारी जाड चकती हा उंचीचा सगळ्यांत स्वस्त मार्ग. तिने चाकाच्या हालचालीत एका मिलिमीटरचीही भर पडत नाही. थारच्या पुढच्या शॉकपच्या माथ्यावर चकती घातली तर शॉकप आर्मच्या मध्येच जोडलेला असल्यामुळे चाकापाशी चकतीच्या जाडीपेक्षा जास्त उंची मिळते, आणि चाक पूर्ण लोंबल्यावर जॉइंट कंपनीने ठरवलेल्या कोनाच्या पलीकडे जातात. जड बंपरमुळे बसलेलं नाक सरळ करण्यापुरती पातळ चकती मी समजू शकतो. उंचीची हौस म्हणून जाड चकती मात्र नवशिक्याने टाळावीच.

पहिल्या थारच्या टॉर्शन बारचा बोल्ट पिळून गाडी उचलण्याचंही असंच आहे. बार कडक होत नाही, चाकाचं खाली जाणं तेवढं कमी होतं.

सहावी पायरी: शॉकप

स्प्रिंग वजन धरते, शॉकप स्प्रिंगची उसळी आवरतो. दबतानाचा विरोध आणि परत उघडतानाचा विरोध, दोन्ही त्याच्या आतल्या झडपा ठरवतात. स्प्रिंग कडक झाली की उघडतानाचा जोरही वाढतो, म्हणून जुन्या शॉकपवर नवी कडक स्प्रिंग घातली तर गाडी घाटात होडीसारखी हेलकावते. उलट शॉकपचा उघडतानाचा विरोध फार जास्त असेल तर पुढचा खड्डा येण्याआधी स्प्रिंग पुरती उघडतच नाही. ओळीने चार खड्डे आले की गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते आणि पाचव्याला आपटते. स्प्रिंग आणि शॉकप एकाच घराण्यातले, एकमेकांसाठी जुळवलेले घ्या, हे सांगण्याचं कारण एवढंच.

दोन मुख्य प्रकार: ट्विन ट्यूब आणि मोनोट्यूब. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते; पिस्टन आतल्या नळीत चालतो. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तरी काम बरेचदा चालू राहतं. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, पिस्टन थेट तिच्यातच चालतो, दाबाखालचा नायट्रोजन तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला. बाहेरची भिंतच तेलाला टेकलेली असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. लांब पन्हाळी रस्त्यावर शॉकप सेकंदाला अनेक वेळा हलतो, तेल तापतं, पातळ होतं, त्याला फेस येतो आणि शॉकप काम सोडतो. तिथे मोनोट्यूब टिकतो. पण त्याच नळीला धोंड्याचा पोचा पडला तर पिस्टन अडतो आणि शॉकप बाद.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. सह्याद्रीतल्या संथ, दगडाळ ट्रेल आणि पुणे-मुंबईची रोजची ये-जा एवढंच असेल, तर चांगला नायट्रोजन भरलेला ट्विन ट्यूब भरपूर झाला. दरवर्षी लडाख, स्पिती किंवा कच्छचं रण करणार असाल तर मोनोट्यूबचा विचार करा. बाहेर डबा लावलेले रिझर्व्हॉयर शॉकप आणि कडकपणा बदलणाऱ्या नऊ-नऊ टप्प्यांच्या चाव्या पहिल्या किटमध्ये नकोतच. कोणती चावी फिरवल्यावर काय बदललं हे ओळखायला आधी चांगल्या साध्या शॉकपची सवय अंगात मुरावी लागते.

शॉकपच्या लांबीवर मात्र तडजोड करू नका. मूळ लांबीचा शॉकप ठेवून ४० मिलिमीटर उंच स्प्रिंग घातली, तर चाकाचं खाली लोंबणं बरोबर ४० मिलिमीटरने घटतं. गाडी उंच दिसते आणि चाक पूर्वीपेक्षा लवकर हवेत जातं. उलट शॉकप फार लांब घेतला तर दोन धोके. दबताना बंप स्टॉप टेकण्याआधीच शॉकप आतून तळाला लागतो आणि तुटतो. लोंबताना स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटते. चांगला फिटर स्प्रिंग काढून, जॅकने ॲक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही टोकांची मापं घेतो. तुमचा फिटर हे करत नसेल तर त्याला तसं करायला सांगा, नाहीतर दुसरा शोधा.

सातवी पायरी: उंची किती

माझ्या मते पहिल्यांदा दीड इंच, फार तर दोन. थारची कंपनीने दिलेली जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे, जिम्नीची २१०. आपल्या ट्रेलपैकी बहुतेक तेवढ्यावर होतात. वर जोडलेला प्रत्येक इंच गाडीचा गुरुत्वमध्य उचलतो, आणि आडव्या उतारावर, जिथे दरी एका बाजूला असते, तिथे तो इंच पोटात गोळा आणतो.

दोन इंचांच्या वर गेलात की खरेदीची यादी लांबते. थारमध्ये पुढचे वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात, नाहीतर अलाइनमेंट बसत नाही. जिम्नीत ॲक्सल धरणारे लांब आर्म कलतात, त्यामुळे पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी होतो. स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं आणि महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश लागतात. शिवाय ॲक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवणारा आडवा पॅनहार्ड रॉड आता तिरपा झाल्यामुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो, त्यासाठी लांबी बदलता येणारा रॉड. मागचा प्रोपेलर शाफ्ट जास्त कोनात फिरू लागला की त्याचे क्रॉस लवकर जातात आणि ठरावीक वेगाला पायाखाली थरथर जाणवते. ब्रेकचे होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबल्यावर ताणली जाता कामा नये. बंप स्टॉपही तेवढाच खाली आणावा लागतो. हा सगळा खर्च धरूनच तीन इंचांची किंमत काढा, मग दीड इंच किती शहाणपणाचा ते दिसेल.

पाट्यांच्या गाड्यांबद्दल थोडं वेगळं

जुनी जीप असेल तर आधी पाटे खोलून साफ करा. पाट्यांमध्ये गंज धरला की ते एकमेकांवर सरकत नाहीत, आणि कमान म्हणून काम करायचं सोडून ओंडक्यासारखे कडक होतात. नुसती साफसफाई, ग्रीस आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या दुव्याचे) नवे बुश यांनी गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. गाडी मऊ करायची म्हणून मधले दोन पाटे काढून टाकणारे बरेच आहेत. मग सगळा भार मुख्य पाट्यावर येतो, आणि तो तुटला तर ॲक्सल जागा सोडतो. हे करू नका. बसलेल्या पाट्यांना जाणकाराकडून पुन्हा बाक देऊन घेता येतो, पण पोलाद थकलेलं असेल तर तो फार दिवस टिकत नाही. लांब शॅकल लावून उंची मिळवली तर पुढच्या ॲक्सलचा कोन बिघडतो. परवडत असेल तर पॅराबोलिक पाटे पाहा: संख्येने कमी, मध्ये जाड आणि टोकाला पातळ, आणि पाट्या-पाट्यांत फट असल्याने घर्षण कमी. पाटे उतरवले की त्यांना ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच घाला. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसाच आवळला जात नाही.

आठवी पायरी: कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. उंची, टायरचं माप आणि चॅसीवरचं वेल्डिंग जितकं वाढेल तितका हा प्रश्न गंभीर होतो. किट घेण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि तिचं उत्तर जपून ठेवा. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरकडूनही लेखी घ्या. मूळ स्प्रिंग आणि शॉकप भंगारात घालू नका, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

नववी पायरी: बसवताना समोर उभे राहा

गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा. काम झाल्यावर हेच माप पुन्हा घ्या. डावी-उजवीकडे थोडा फरक असतो, पण एक-दीड सेंटिमीटरचा फरक दिसला तर काहीतरी उलटसुलट बसलंय. काही किटमध्ये डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळी असते, ती चिठ्ठी वाचल्याशिवाय बसवू देऊ नका.

रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना पूर्ण आवळायचे नसतात. तसे आवळले तर बुश त्या लोंबत्या स्थितीत जखडतो आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो. काही महिन्यांत फाटतो. गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची, मग टॉर्क पान्याने शेवटचा आवळ. घाईच्या गॅरेजात ही एक गोष्ट हमखास राहून जाते. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून घ्या, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

गाडीच्या पुढे स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) असेल तर ट्रेलपुरता एक जोड सोडून चाकाला जास्त हालचाल देता येते. फरक मोठा पडतो आणि खर्च जवळजवळ शून्य. पण डांबरावर येण्याआधी तो परत जोडायचाच. बार सोडून घाटातल्या वळणावर वेगाने जाऊ नका.

त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर नाक वर झालेली तुमची गाडी घाटात समोरच्याचे डोळे दिपवेल.

दहावी पायरी: पहिले ५०० किलोमीटर

पहिला आठवडा शहरातच चालवा. ब्रेक लावल्यावर नाक किती बुडतं, गतिरोधकानंतर गाडी किती वेळा हलते (एकदा उसळून स्थिर झाली तर ठीक), ८० च्या वेगाला थरथर आहे का, हे टिपा. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते, घाबरू नका.

मग ओळखीची, सोपी ट्रेल निवडा, जिथे पूर्वी जुन्या सस्पेन्शनवर गेला होतात. कास-पाचगणीसारखे सडे आणि पठारं त्यासाठी नकोत. तिथल्या बोटभर मातीच्या थरावर टायरची एक खूण वर्षानुवर्षं राहते आणि फुलं तिथे परत येत नाहीत. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. शिकायची सोय हवी असेल तर इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, तिथे बांधलेले अडथळे असतात आणि चूक झाली तरी सांगणारा माणूस शेजारी असतो.

ट्रेलवर पहिल्याच तिरप्या खड्ड्यात गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि मित्राला बाहेरून फोटो काढायला सांगा. दबलेल्या चाकाचा टायर मडगार्डला किंवा आतल्या अस्तराला घासतोय का, लोंबलेल्या चाकाचा ब्रेक होज ताठ झालाय का, स्प्रिंग बैठकीत आहे का, हे त्या एका फोटोत दिसतं. घरी आल्यावर पुन्हा विजेरी, पुन्हा वही. पांढऱ्या रेघा जुळतात का ते पाहा, यू बोल्ट आणि आर्मचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर घ्या, आणि ५०० किलोमीटर झाले की अलाइनमेंट एकदा परत तपासा.